पोर बोलत नाही, की बोलू दिले जात नाही?

जून सरता सरता विदर्भातल्या शाळा उघडल्या की वस्तीत आमच्या वाट्याला एक काम हमखास येते. चिमुकल्यांच्या डायऱ्या वाचून दाखवण्याचे. ज्युनिअर केजी, सिनिअर केजीत घातलेल्या पोरांच्या डायरीत मॅडम इंग्रजीत काहीबाही लिहून पाठवतात आणि चार घरची धुणीभांडी करून नाहीतर बांधकामावरून थकून आलेली माय ती डायरी पदराखाली झाकून आमच्याकडे घेऊन येते. झाकून एवढ्यासाठी, की आपल्याला वाचता येत नाही हे शेजारणीला कळू नये. शेजारणीलाही वाचता येत नसते, ही गोष्ट वेगळी.

परवा अशीच एक डायरी आली. "दादा, मॅडमनं काय लिवलं थे पाहा ना जरा." लाल शाईत शेरा होता : मुलगी वर्गात बोलत नाही, अक्षर कच्चे आहे, घरी तिच्याशी इंग्रजीत बोलावे आणि रोज एक पान लिहून घ्यावे. मुलीचे वय साडेचार वर्षे. आम्ही शेरा मराठीत सांगितला तेव्हा त्या माउलीने कपाळाला हात लावला. "घरी त पोट्टी चुप बसत नाही दादा. अन् इंग्रजी मी कुठून आणू?"

पोरगी तेवढ्यात आमच्या अंगणात चिंचोके मांडून बसली होती. जोड्या लावत होती आणि स्वतःशीच अखंड बोलत होती. शाळेत काय झाले, असे आम्ही हळूच विचारले. थोडे आढेवेढे घेतल्यावर सगळे बाहेर आले. मॅडमने भाज्यांचा तक्ता लावला होता. एका चित्रावर बोट ठेवून विचारले, हे काय? ही म्हणाली, सांबार. दुसऱ्या चित्राला म्हणाली, भेदरं. वर्ग हसला, मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, असे घाणेरडे नाही बोलायचे. त्या दिवसापासून पोरीने वर्गात तोंड उघडलेले नाही.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि टोमॅटोला भेदरं. हिने दोन्ही उत्तरे बरोबर दिली होती. तिला भाजी ओळखता आली, चित्रातली वस्तू आणि हातातली वस्तू एकच आहे हे कळले, नाव आठवले आणि चारचौघांत उभे राहून ते सांगण्याचे धाडसही तिने केले. केजीच्या वर्गात मुलाने जे शिकावे असे बालशिक्षणाचे जाणकार सांगतात, त्यातल्या चार गोष्टी तिने एका दमात करून दाखवल्या. त्याबद्दल तिला मिळाले काय, तर आपल्या मायचा शब्द घाणेरडा आहे हे ज्ञान.

आम्ही त्या मॅडमवर जातीयतेचा आरोप करीत नाही. तुटपुंज्या पगारावर पन्नासेक पोरे सांभाळणाऱ्या त्या बाईंच्या मनातही तसे काही नसेल. परंतु व्यवस्थेचे काम माणसाच्या मनात नसतानाही चालत असते, हे आमच्या समाजाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे? साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले. आज गोणपाट गेले, सगळी मुले एकाच बाकावर बसतात, गणवेशही एकच असतो. मात्र तोंड उघडले की कोण कोणत्या घरातून आला ते कळते, आणि 'शुद्ध' बोलणाऱ्या घरातले पोर पहिल्या दिवशीच वर्गाचे मालक होते, आमचे पोर पाहुणे.

हे पोर बोलत नाही, की त्याला बोलू दिले जात नाही, याचा विचार करण्याची वेळ पालकांवर आली आहे.

मुळात तीन ते सहा वर्षांच्या मुलाने शाळेत शिकायचे तरी काय? आमच्या वस्तीत विचाराल तर उत्तर ठरलेले : एबीसीडी, वन टू हंड्रेड आणि दोन पोएम. पोर पाहुण्यांसमोर ते घडाघडा म्हणून दाखवते, बाप खूश होतो आणि फी वसूल झाली असे समजतो. आता त्याच पोरासमोर सात चिंचोके ठेवा आणि मोजायला सांगा. शंभरपर्यंत म्हणणारे पोर पुष्कळदा बोट एकीकडे आणि आकडा दुसरीकडे अशी धावाधाव करते आणि सातचे नऊ करून मोकळे होते. कारण आकड्यांची नावे पाठ होणे वेगळे आणि एका वस्तूला एक आकडा ही जोडी मनात बसणे वेगळे. तेच सात चिंचोके जरा पसरून ठेवा, पोर म्हणेल जास्त झाले. पसरल्याने संख्या वाढत नाही, ही समज वयाबरोबर आणि वस्तू हाताळूनच येते. कोणत्याही पोएमने ती येत नाही.

लिहिण्याचेही तसेच. चार वर्षांच्या मुलाच्या बोटांतली ताकद अजून यायची असते. मनगट पक्के व्हायचे असते. म्हणून चांगल्या बालवाडीत आधी माती मळायला देतात, मणी ओवायला देतात, कागद फाडून चिकटवायला देतात, शेंगा सोलायला बसवतात. त्यातून बोटे तयार झाली की पेन्सिल आपोआप हातात नीट बसते. आमच्याकडे मात्र पोराची मूठ आपल्या मुठीत धरून पानेच्या पाने गिरवून घेतली जातात. ते अक्षर मायचे असते, पोराचे नव्हे. वाचण्याआधी ऐकणे असते. 'कमळ' आणि 'कणीस' या दोन्ही शब्दांची सुरुवात एकाच आवाजाने होते हे ज्या पोराच्या कानाला कळले, त्याला पुढे क शिकवायला वेळ लागत नाही. ज्याच्या कानाला ते कळलेलेच नाही, त्याला क शंभर वेळा गिरवायला लावला तरी ते एक चित्रच राहते.

याशिवाय पोर शिकते ते आपली पाळी येईपर्यंत थांबायला, खेळणे वाटून घ्यायला, लघवी लागली तर न लाजता सांगायला, आणि आई दिसेनाशी झाली तरी ती परत येणार यावर विश्वास ठेवायला. या गोष्टी डायरीत लिहिता येत नाहीत, म्हणून त्यांना कोणी शिक्षण म्हणत नाही.

हे आमच्या पदरचे नाही. 1993 साली प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने दप्तराच्या ओझ्यावर अहवाल दिला, तेव्हाच नर्सरीच्या प्रवेशासाठी होणाऱ्या मुलाखती आणि चाचण्या बंद करा असे सांगितले होते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 ने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावणे हा गुन्हा ठरवला. पहिल्या वेळी 25 हजार रुपये आणि पुढे दर वेळी 50 हजार रुपये दंड. 2022 साली केंद्राने पायाभूत स्तरासाठी जो अभ्यासक्रम आराखडा काढला, त्यात तर तीन ते सहा वयाच्या मुलांना पाठ्यपुस्तकच नको, आणि शिकवण्याची भाषा शक्यतो मुलाच्या घरची असावी, असे स्पष्ट म्हटले आहे. घरची! म्हणजे सांबार आणि भेदरं म्हणणारी. आम्ही त्या सरकारचे किंवा त्या धोरणाचे भाट नाही, त्यातल्या पुष्कळ गोष्टींवर आमचे आक्षेप आहेत. पण हे वाक्य पालकांनी लक्षात ठेवावे. उद्या कोणी पोराच्या भाषेला नाक मुरडले तर ते उपयोगी पडेल.

आता थोडे संविधानाकडे वळतो, कारण या चिमुकल्यांचा हक्क कुठे हरवला ते तिथेच सापडते. 26 जानेवारी 1950 ला लागू झालेल्या संविधानात कलम 45 होते. चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील, असे त्याचे शब्द. त्यात सहा वर्षांच्या आतले मूलही येत होते. ती दहा वर्षे 1960 ला संपली. 1993 साली सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क मानला. नंतर 2002 साली 86 वी घटनादुरुस्ती झाली. सर्वांनी टाळ्या वाजवल्या, कारण शिक्षण मूलभूत हक्क झाला. परंतु तो झाला सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. सहाच्या आतल्या मुलांना नव्या कलम 45 मध्ये बसवून 'राज्य प्रयत्न करील' एवढ्या आश्वासनावर ठेवले गेले. 2009 च्या कायद्यातही कलम 11 मध्ये सरकार व्यवस्था 'करू शकेल' असेच म्हटले आहे. करू शकेल आणि करील यांतल्या फटीत पैसेवाल्यांची केजी उभी राहिली. 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी तक्रार केली होती, की रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेच्या पोरांच्या प्राथमिक शिक्षणाकडे दुर्लक्ष होते. आज ते हयात असते तर त्याच निवेदनात बालवाडीचा एक परिच्छेद त्यांना जोडावा लागला असता.

फटीत कोण अडकते? रोजंदारी करणारा बाप. आमच्या समाजाला इंग्रजीची ओढ आहे आणि ती रास्त आहे. बाबासाहेब कोलंबियाला आणि लंडनला गेले, ते ज्ञान इंग्रजीतून मिळवले, त्यांचे ग्रंथ इंग्रजीत आहेत. इंग्रजीला विरोध करून आमच्या पोरांना पुन्हा गावकुसाबाहेर ठेवण्याचा सल्ला आम्ही कधीही देणार नाही. परंतु दोन खोल्यांत थाटलेली, पाटीवर 'इंटरनॅशनल' लिहिलेली, ज्यांच्या मॅडमना स्वतः इंग्रजीत दोन वाक्ये सलग बोलता येत नाहीत अशी केजी म्हणजे इंग्रजी नव्हे. बचतगटाचे कर्ज काढून तिथे फी भरणाऱ्या माया आमच्या ओळखीच्या आहेत. तिथे पोर मराठीत विचार करायचे थांबते आणि इंग्रजीत सुरू करत नाही, मधल्या मध्ये मुके होते. ज्या भाषेत पोर गोष्ट सांगू शकते, भांडू शकते, 'काहून?' असे विचारू शकते, ती भाषा पक्की झाली की दुसरी भाषा तिच्या खांद्यावर उभी राहते. खरोखर चांगल्या शाळेत घालायचे असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के जागांसाठी अर्ज भरा. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये नियम बदलून ज्या खासगी शाळांच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे त्यांना या जागांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये तो बदल रद्द केला. न्यायालयात लढून राखलेल्या जागा आहेत या, रिकाम्या सोडू नका.

आणि वस्तीतली अंगणवाडी? तिच्याकडे आम्ही 'खिचडीची शाळा' म्हणून पाहतो, हा आमचा दोष. तारुण्यापासून बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक 1945 साली बोर्डीला आल्या, तेव्हा त्यांना दिसले की आदिवासी आणि दलित वस्तीतली मुले बालवाडीत येतच नाहीत. कोणी धाकटे भावंड सांभाळते, कोणी गुरांमागे जाते. मग ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. त्या काळात माँटेसरीची महागडी साधने परदेशी धाटणीची असत. त्यांच्या जागी यांनी शंख-शिंपले, बिया, दगड, पाने वापरली. अंगणवाडी हा शब्द त्या अंगणातून आला. 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्राने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तीत पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी यांच्याबरोबर शाळापूर्व शिक्षण ही एक सेवा ठेवली. आज सेविकेचा निम्मा दिवस रजिस्टर आणि मोबाईलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये जातो. तिला मानधन मिळते, वेतन नाही. डिसेंबर 2023 मध्ये राज्यातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या तेव्हा आमच्यापैकी किती पालक त्यांच्या मंडपात जाऊन बसले? सेविका बहुतेक वेळा आमचीच लेक-सून असते. पोराला वेळेवर, रोज, नाक पुसून अंगणवाडीत पोचवा आणि आज काय खाल्ले याबरोबर आज काय खेळले हेही तिला विचारा. पालक विचारतात असे दिसले की शिकवणेही होते, हा आमचा अनुभव आहे.

राहिला घरचा प्रश्न. "आम्ही अडाणी, आम्ही काय शिकवणार?" हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की आता त्याचा राग येतो. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. ते घरी मुलांकडून अभ्यास करून घेत, कबीराचे दोहे म्हणून घेत. परळच्या चाळीतल्या एका खोलीत मुलाला लवकर निजवून रात्री दोनला अभ्यासासाठी उठवत. (हे मॅट्रिकच्या वयाचे, साडेचार वर्षांच्या पोराला कोणी रात्री दोनला उठवू नये.) परंतु रामजींना वाचता येत होते, आम्हाला येत नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण या वयाच्या पोराला ज्याची गरज आहे त्यासाठी वाचता येण्याची अट नाही.

भाकरी थापताना माय बोलू शकते. आज किती भाकरी? बाबाला दोन, आजीला एक, तुला अर्धी. अर्धी म्हणजे काय, तर तोडून दाखवली. हे अपूर्णांकाचे शिक्षण आहे आणि ते चुलीपुढे होते. ताटे मांडायला पोराला सांगा. माणसे पाच, ताटे चार, एक कमी पडले, जा आण. ही वजाबाकी. भाजी निवडताना भेदरे लहान-मोठी लावायला द्या, पिकलेली वेगळी, कच्ची वेगळी. धुतलेल्या कपड्यांत पायमोज्यांच्या जोड्या लावायला द्या. बाजारात जाताना पोराला नुसते ओढत नेऊ नका, रस्त्यात काय दिसते ते विचारा. त्याने वाक्य अडखळत सुरू केले तर ते पुरे होईपर्यंत थांबा. ही सर्वात अवघड गोष्ट आहे, कारण आम्ही घाईत असतो आणि वाक्य आम्हीच पुरे करून टाकतो. बापाला तर आमचे वेगळेच सांगणे आहे. संध्याकाळी घरी आल्यावर पोराच्या हातात मोबाईल देऊन त्याला गप्प करू नका. दहा मिनिटे त्याला बोलू द्या आणि मध्ये 'मग?' एवढेच म्हणा. त्यासाठी शाळा शिकावी लागत नाही, रात्री शुद्धीवर घरी यावे लागते.

आणि आजी! आमच्या आज्यांना बाबासाहेबांवरची गाणी तोंडपाठ असतात, पाळणे येतात, कोड्यांचा खजिना असतो. ज्या पोराच्या कानावर रोज गाणे आणि गोष्ट पडते त्याचा शब्दसाठा कोणत्याही तक्त्याने मिळणार नाही इतका वाढतो. आजीला कोपऱ्यात बसवून टीव्ही लावणे म्हणजे घरातले वाचनालय बंद करण्यासारखे आहे. वस्त्यावस्त्यांत विहारे आहेत. रविवारी वंदनेनंतर तिथे अर्धा तास लहान मुलांना गोष्ट का सांगू नये? मगरीच्या पाठीवर बसलेला आणि काळीज झाडावर ठेवून आलो असे सांगून सुटलेला वानर जातककथेतलाच आहे. जाळे एकजुटीने उचलून उडणारे लावे पक्षीही तिथलेच. गोष्ट सांगून झाली की मुलांना ती आपापल्या बोलीत परत सांगू द्यावी. व्याकरण तपासू नये. वर्षावासात मोठ्यांसाठी ग्रंथवाचन होते, तेव्हा शेजारच्या खोलीत हे सुरू करायला वेगळा निधी लागत नाही. एखादी सतरंजी पुरे.

जाता जाता एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. पोर खरोखरच कुठेच बोलत नसेल, घरीही नाही, हाक मारली तर वळून पाहत नसेल, कान वाहत असेल, तर तो हट्ट किंवा मठ्ठपणा समजून त्याला मारू नका. ऐकू कमी येणारी कितीतरी मुले 'ढ' ठरवली जातात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे. पथक कधी येणार ते सेविकेला विचारा आणि त्या दिवशी कामाला दांडी पडली तरी पोराला घेऊन जा.

20 जुलै 1942 ला नागपुरातच दलित महिलांच्या परिषदेत बाबासाहेबांनी आमच्या मायमाउल्यांना मुलांना शिकवा, त्यांच्या मनातला न्यूनगंड काढून टाका, त्यांच्यात महत्त्वाकांक्षा पेरा असे सांगितले होते. त्या परिषदेला आलेल्या बाया बहुतांश निरक्षर होत्या. बाबासाहेबांनी हे काम शाळेच्या मास्तरांना नव्हे, त्यांना सांगितले, हे आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते.

त्या डायरीत आम्ही उत्तर लिहिले. मायला विचारून, तिच्या शब्दांत, मराठीत : 'मॅडम, नमस्कार. आमच्या घरी कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मुलगी बरोबर बोलली होती. तिला कोरिअँडर पण शिकवा, कोथिंबीर पण शिकवा. पण सांबार चुकीचे आहे असे सांगू नका. ती घरी सारखी बोलते, तिला वर्गात एक गोष्ट सांगायला लावा.' खाली सही करायची होती. माय म्हणाली, अंगठा लावते. आम्ही म्हटले, तुझ्या पोरीला विचार. पोरीने चिंचोके बाजूला सारले, आमच्या हातातला पेन घेतला आणि मायच्या नावाचे पहिले अक्षर तिला पाटीवर काढून दाखवले. वाकडे होते. मायने ते तीनदा गिरवले आणि मग डायरीत काढले. मॅडमचे उत्तर अजून आलेले नाही. सोमवारी माय स्वतः शाळेत जाणार आहे, आम्हीही सोबत जाऊ.